योगाचे दार आणि योगाचा पाया

आंतरराष्ट्रीय योगदिन २०१५ पासून दरवर्षी २१ जूनला साजरा होतो. त्या दिवशी मैदाने भरतात. पण योग खरोखर सर्वांचा झाला काय? दार उघडले की परंपरा बाटते, असे काहींना वाटते. परंपरा सोडल्यावाचून दार उघडतच नाही, असे इतरांना. महाराष्ट्राचा अनुभव दोन्ही पक्षांना खोटे पाडतो. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापून योगक्रिया प्रयोगशाळेत तपासल्या, पण ग्रंथांची साथ सोडली नाही. पुण्यात बी. के. एस. अय्यंगारांनी दोर, ठोकळे व खुर्ची यांच्या आधाराने वृद्धांना आणि रुग्णांनाही आसने सुलभ केली. साधन बदलले, शिस्त बदलली नाही.

पतंजलींच्या अष्टांगांत आसनाआधी यम-नियम येतात, आणि यमांत पहिली अहिंसा. नवख्याला हिणवणारा वर्ग या पहिल्याच पायरीवर घसरतो. मोकळे स्वागत ही परंपरेतील सवलत नव्हे, तिचीच आज्ञा होय. मात्र ती शहरापुरती राहू नये. जालना जिल्ह्यातील हसनाबादसारख्या गावी गुडघे दुखणाऱ्या शेतकरी स्त्रीला एक खुर्ची, तिची बोली आणि जाणता शिक्षक मिळेल, तेव्हाच योग सर्वांचा झाला असे आम्ही म्हणू.