दंडुक्याने साथ हटत नाही

साथीच्या रोगाची गोष्ट निघाली की पहिला दोष ठरलेला असतो : खेड्यातले लोक अडाणी, सांगून ऐकत नाहीत. मग जनजागृतीचे फलक लागतात, गल्लीगल्लीतून भोंगा फिरतो, आणि भोंग्याच्या मागून पोलिसांची गाडी येते. आमचे म्हणणे वेगळे आहे. लोक ऐकत नाहीत, त्याचे कारण बहुतेक वेळा असे असते की ऐकण्याची किंमत त्यांना परवडत नाही. हा हिशेब न मांडता जागृतीच्या गप्पा मारणे म्हणजे पालथ्या घड्यावर पाणी.

हा हिशेब जुना आहे. १८९६ साली मुंबईत प्लेग आला आणि फेब्रुवारी १८९७ मध्ये इंग्रज सरकारने साथरोगाचा कायदा केला. पुण्यात रँडसाहेबाच्या हाताखाली गोरे शिपाई घराघरात घुसले. आजारी माणसाला इस्पितळात, घरच्यांना छावणीत, सामानसुमान जाळात. सरकारचा हेतू साथ रोखण्याचा होता, हे मान्य करू. पण आजार सांगितला तर घर उद्ध्वस्त होते, हे कळल्यावर कोण सांगेल? लोकांनी रोगी माळ्यावर, अडगळीत लपवले. ज्यांना जमले ते गावाकडे पळाले, आणि प्लेगही त्यांच्याबरोबर गावाकडे आला. २२ जूनला रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी, त्याच पुण्याजवळ हडपसरच्या माळावर सावित्रीबाई फुले आणि त्यांचे डॉक्टर पुत्र यशवंत रोग्यांची शुश्रूषा करीत होते. तिथे रोगी लपवावा लागत नव्हता. त्या सेवेतच १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई गेल्या. एकीकडे धाक, दुसरीकडे विश्वास. दोन्ही रस्ते तेव्हाच दिसले होते.

सव्वाशे वर्षांनी, २०२० साली, करोना आला तेव्हा सरकारने कपाटातून तोच १८९७ चा कायदा काढला. २४ मार्चला रात्री आठ वाजता घोषणा झाली आणि बारा वाजता देश बंद. मुदत चार तासांची. नाशिक-सांगलीकडे द्राक्षे वेलीवर होती, भाजीपाला तोडणीला आलेला होता. तीन-चार दिवसांत शेतीला सूट देणारे कागद निघाले. पण ट्रक नाही, मजूर नाही, बाजार समिती आज उघडी तर उद्या बंद. कागदावरच्या सुटीने माल विकला जात नाही. ऊसतोड कामगार कारखान्यांच्या तळांवर अडकून पडले. ८ मे रोजी करमाडजवळ रुळांवर झोपलेले १६ मजूर मालगाडीखाली गेले. ते जालन्याहून गावाकडे पायी निघाले होते. ‘घरातच थांबा’ हा उपदेश त्यांनी ऐकला नव्हता असे नाही. थांबायला घर आणि खायला धान्य कुठे होते?

वेळेवर खरी माहिती न मिळण्याचीही किंमत असते, आणि तीही शेतकऱ्यानेच मोजली. राज्यात करोनाचा पहिला रुग्ण सापडण्याआधीच, फेब्रुवारी २०२० मध्ये, कोंबडी खाल्ल्याने हा रोग होतो अशी अफवा मोबाइलवरून पसरली. सरकारने खुलासा केला, पण अफवा पुढे धावली आणि खुलासा मागून लंगडत आला. पक्ष्याला उत्पादन खर्चाच्या निम्माही भाव मिळेना. कुणी फुकट वाटल्या, कुणी खड्डा खणून जिवंत पुरल्या.

लसीचेही तेच. मे २०२१ मध्ये १८ ते ४४ वयाच्या लोकांना सुरुवातीला फक्त ऑनलाइन नोंदणीवर लस होती. ज्याचा मोबाइल चांगला, ज्याची रेंज चांगली, त्याचा नंबर आधी. शहरातून मोटारी खेड्यातल्या आरोग्य केंद्रांवर आल्या, लस टोचून परत गेल्या, आणि गावचा माणूस ओट्यावर बसून पाहत राहिला. नंतर तोच माणूस लस घ्यायला कचरतो म्हणून त्याला अडाणी म्हणायचे!

शेतकऱ्याला प्रतिबंध शिकवायला नको. रोग दिसण्याआधी द्राक्षावर फवारणी करणारा तोच आहे. पावसाळ्याच्या तोंडाशी घटसर्प-फऱ्याची लस टोचून घेणारा तोच आहे. २०२२ साली लम्पी आला तेव्हा लस फुकट होती, टोचणारा गोठ्यापर्यंत आला, आणि मेलेल्या गाईला ३० हजार, बैलाला २५ हजार भरपाई जाहीर झाली. भरपाई हातात पडायला किती हेलपाटे पडले तो भाग वेगळा, पण आजार सांगण्यात तोटा उरला नाही. शेतकऱ्यांनी दावणीची जनावरे लसीसाठी पुढे केली. जो माणूस जनावराला लस टोचून घेतो, तो स्वतःला का घेणार नाही? लम्पीने बैल मेला तर भरपाई होती. मजूर आजारी पडला तर त्याचा रोज बुडतो, एवढाच फरक आहे.

याचा अर्थ गावाकडे काही दोष नाही असा नव्हे. २०२१ च्या दुसऱ्या लाटेच्या तोंडावर लग्नात पाचशेची पंगत उठली, मयतीला आणि तेराव्याला गर्दी झाली. ज्याच्या घरी रोग निघाला त्याचे दूध बंद झाले, त्याच्या दारावरून लोक वाट बदलून गेले. शिपायाने रोग लपवायला लावला तसाच भावकीच्या बहिष्कारानेही लावला. हे दुखणे सरकारचे नाही. गावानेच ते काढायचे आहे.

म्हणून जिल्ह्याच्या बैठकीपुढे आम्ही चार गोष्टी ठेवतो. एक : साथीत ज्याला घरी बसवायचे त्याला त्या दिवसांची मजुरी आणि घरपोच धान्य. दोन : बाजार बंद करायचे नाहीत, मोकळ्या मैदानात, अंतर ठेवून भरवायचे. हवेतून पसरणारा रोग कोंदट खोलीत जास्त पसरतो, उघड्या रानात कमी. तीन : प्रत्येक हुकमाबरोबर त्याचे कारण साध्या मराठीत, ग्रामपंचायतीच्या फळ्यावर. चार : घरोघर फिरणाऱ्या आशा ताईला वेळेवर आणि पुरेसे मानधन. गाव तिचे ऐकते, कारण गाव तिला ओळखते.

आणि गावासाठी एक : ज्याच्या घरी आजार निघेल त्याच्या शेताचे पाणी, गोठ्याचा चारा आणि दुधाची धार शेजारी सांभाळतील, असा ठराव ग्रामसभेने आजच करून ठेवावा. साथ आल्यावर ठराव करायला सवड नसते. विहीर तहान लागण्याआधी खणतात, हे शेतकऱ्याला कुणी सांगायला नको.