कपाटाला कुलूप, संगणक उघडा

आपल्या बहुतेक केंद्रांत एक लोखंडी कपाट असतं. केसच्या फायली त्यात आणि किल्ली एखाद्या ताईच्या पर्समध्ये. भोसरीच्या आमच्या केंद्रात कुणाची फाईल काढायची तर कार्यकर्तीला वहीत सही करावी लागते. त्याच खोलीत, कपाटापासून चार हातांवर असलेला संगणक मात्र बटण दाबलं की कुणासाठीही सुरू व्हायचा. आणि त्याच फायली आम्ही कितीतरी वर्षं त्यात टाइप करत होतो!

हे कळलं ते फटका बसल्यावर. एका बाईच्या तक्रारीवर बोलणी करायला नवरा आणि दीर आले होते. दोघी कार्यकर्त्या आत तिच्याशी बोलत होत्या. बाहेर येऊन बघतात तर दिरानं संगणक चालू केलेला, माऊस फिरवतोय. "स्कोअर बघत होतो" म्हणाला. बघत असेलही. पण चाकणला कंपनीजवळ तिनं मैत्रिणींबरोबर घेतलेल्या खोलीचा पत्ता त्यातच होता. तिला खोली बदलावी लागली. डिपॉझिट बुडालं ते तिचं, आमचं नाही.

मैत्रिणींनो, हे काम अर्ध्या तासाचं आहे. संगणक सुरू होताना, विंडोज येण्याआधी, एफ-२ किंवा डिलीटचं बटण दाबायचं (यंत्रागणिक ते बदलतं). सिक्युरिटीच्या पानावर दोन पासवर्ड ठेवता येतात: एक यंत्र सुरू करण्याचा, दुसरा या सेटिंगमध्ये शिरण्याचा. दुसरा दोघींकडेच असावा. लॅपटॉपवर हा पासवर्ड विसरलात तर सर्व्हिस सेंटरच्या खेपा घालाव्या लागतील, म्हणून तो लिहून बंद पाकिटात कपाटात ठेवा.

पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. टेबलावरच्या संगणकाची पेटी उघडून आतली नाण्याएवढी बॅटरी काढली, की पुष्कळ यंत्रांत हा पासवर्ड पुसला जातो. हार्ड डिस्क काढून दुसऱ्या यंत्राला जोडली तर तो विचारलाच जात नाही. तेव्हा डिस्कवरचा मजकूरच कुलूपबंद करायला हवा. विंडोजच्या प्रो आवृत्तीत त्यासाठी बिटलॉकर आहे. त्याची ४८ आकडी किल्ली कागदावर उतरवून ठेवायची. आणि चालू यंत्र सोडून चहाला उठलात तर यातलं काहीच उपयोगाचं नाही, हेही आलंच.

आमच्या बैठकीत यावर बराच वाद झाला. "आपल्या आपल्यात कसले पासवर्ड? विश्वास नाही का?" "लपवण्यासारखं आहे काय?" हा दुसरा प्रश्न आपल्या बायका घरात रोज ऐकतात, मोबाईल हातात घेतला की. तो आपल्याच तोंडून यावा याचं मला वाईट वाटलं. ती बाई आपल्यातल्या दोघींशी बोलली, पंधराजणींशी नाही. तिचं बोलणं वाटून टाकण्याचा अधिकार आपल्याला कुणी दिला?

कायदाही हेच सांगतो. बलात्कारित स्त्रीची ओळख उघड करणं पूर्वी भारतीय दंड संहितेच्या कलम २२८-अ खाली गुन्हा होता, १ जुलै २०२४ पासून तो भारतीय न्याय संहितेच्या कलम ७२ मध्ये आहे. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यातलं कलम १६ तक्रार आणि तक्रारदार दोन्ही गुप्त ठेवायला सांगतं.

आपल्यातल्या कितीतरी जणी चाकण, पिंपरी, भोसरीच्या कारखान्यांत अंतर्गत समितीच्या बाहेरच्या सदस्य म्हणून जातात. तिथं इतिवृत्तावर सही करताना एवढं विचारा: ही तक्रार ज्या संगणकात आहे, तो कोण कोण सुरू करू शकतं? चाकणच्या एका कंपनीत मी विचारलं. साहेबांनी अभिमानानं सांगितलं, "पासवर्ड आहे ना मॅडम! कंपनीचं नाव आणि पुढे वन टू थ्री. सगळ्या स्टाफला माहीत आहे."