जपानी तवा आणि आपले गिऱ्हाईक

हॉटेलचा धंदा आपल्या समाजाला नवा नाही. सीख, पाये, निहारी, बिर्याणी, औरंगाबादी नान-खलिया यांवर कितीतरी घरांची रोजी चालते. तरीही आज या पानावर आम्ही एका परक्या हॉटेलाविषयी लिहीत आहोत. ते म्हणजे जपानी स्टेकहाऊस. त्याला कारण आहे. चामडे, कापड, मसाले, आंबा असा माल घेऊन दुबई, लंडन, न्यूयॉर्कला जाणारे आपले व्यापारी बंधू सांगतात की, सौदा पुरा झाला की समोरची पार्टी पुष्कळदा जेवायला अशाच ठिकाणी नेते. एका बाजूला सुशी, दुसऱ्या बाजूला तवा. तिथे आपला माणूस दोन प्रकारे अडचणीत येतो. एक तर 'मासा तो मासा, त्यात काय विचारायचे' म्हणून सगळेच खातो, नाहीतर कोरा भात पुढ्यात घेऊन संकोचून बसतो. दोन्ही टाळता येण्याजोगे आहे. शिवाय व्यापाऱ्याच्या नजरेने पाहिले तर त्या टेबलावर शिकण्याजोगेही पुष्कळ आहे.

ज्यांनी पाहिले नसेल त्यांच्यासाठी थोडक्यात सांगतो. टेबलात बसवलेला मोठा लोखंडी तवा असतो. त्याच्या तीन बाजूंना सात-आठ गिऱ्हाइके बसतात आणि चौथ्या बाजूला बावर्ची उभा राहतो. 'तेप्पान' म्हणजे लोखंडी पत्रा आणि 'याकी' म्हणजे भाजणे, म्हणून तेप्पानयाकी. (अमेरिकेत यालाच हिबाची म्हणतात. जपानात हिबाची म्हणजे हात शेकायची शेगडी! पण धंद्यात नाव चालले की चालले.) बावर्ची मांस, कोळंबी, कोंबडी, कांदा, भात सर्वांसमोर आणतो, समोरच कापतो, समोरच भाजतो. कांद्याच्या चकत्यांची उतरंड रचून तिच्यातून ज्वाळा काढतो, कोळंबीचे शेपूट उडवून स्वतःच्या टोपीत झेलतो. मुले टाळ्या पिटतात. हातगाडीवर भेजा-कलेजी परतणाऱ्या आपल्या माणसाच्या दोन उलथण्यांचा खणखणाट ज्याने ऐकला आहे, त्याला यात परके काही वाटू नये. फरक बिलात आहे.

पाटीवर 'पारंपरिक' लिहिलेले असले तरी ही परंपरा फार जुनी नाही. सन ६७५ मध्ये सम्राट तेन्मूने गाय, घोडा, कोंबडी वगैरेंचे मांस खाण्यावर बंदी घातली होती. पुढे शतकानुशतके गोमांस तिथल्या बहुसंख्य लोकांच्या ताटात नव्हते. १८७२ साली सम्राट मेइजीने गोमांस खाल्ल्याचे जाहीर झाले, तेव्हा कुठे ही रीत उघडपणे सुरू झाली. तव्यावर स्टेक भाजण्याची सुरुवात तर १९४५ सालची, कोबे शहरातल्या 'मिसोनो' या हॉटेलातली. दुसरे महायुद्ध नुकतेच संपलेले, शहर बॉम्बने उद्ध्वस्त झालेले. हा प्रकार जपानी लोकांपेक्षा परदेशी लोकांनाच अधिक आवडला. याच कोबेत १९३५ साली जपानमधली पहिली मशीद उभी राहिली. तिच्या वर्गणीत तिथे व्यापारासाठी स्थायिक झालेल्या भारतीय मुसलमानांचा मोठा वाटा होता. म्हणजे कोबेचा बाजार आपल्या लोकांना त्या तव्याच्या आधीपासून ठाऊक होता.

तव्याचा खरा व्यापार केला तो हिरोआकी आओकी या तरुणाने. कुस्तीगीर म्हणून तो अमेरिकेला गेला आणि तिथेच राहिला. न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात भाड्याच्या गाडीवर आइस्क्रीम विकून त्याने भांडवल जमवले आणि १९६४ साली चार टेबलांचे हॉटेल काढले. नाव ठेवले 'बेनिहाना'. बेनिहाना म्हणजे तांबडे फूल, आपली करडई. सोलापूर-मराठवाड्याच्या शेतकऱ्याला सांगितले तर तो हसेल की, आमच्या बांधावरच्या झाडाचे नाव लावून अमेरिकेत स्टेक विकतात! २०२४ साली ही हॉटेलांची साखळी ३६ कोटी ५० लाख डॉलरला विकली गेली. हार्वर्ड बिझनेस स्कूलने १९७२ साली या हॉटेलच्या कारभारावर एक टिपण तयार केले होते. ते व्यवस्थापनाच्या वर्गांतून कित्येक वर्षे शिकवले गेले.

त्यातला हिशेब आपल्या हॉटेलवाल्यांनी समजून घ्यावा. बावर्ची टेबलावरच शिजवतो म्हटल्यावर मागचे स्वयंपाकघर लहान होते. इतर हॉटेलांत सुमारे ३० टक्के जागा स्वयंपाक, कोठी वगैरेंना जाते. इथे २२ टक्क्यांत भागते. उरलेल्या जागेत टेबले बसतात आणि भाडे तर सगळ्या जागेचे द्यावेच लागते. पदार्थ मुख्यतः तीनच: स्टेक, कोंबडी, कोळंबी. त्यामुळे खरेदी सोपी होते आणि माल वाया जात नाही. शंभर पदार्थांचे मेनूकार्ड छापून त्यातले साठ 'आज नाही' सांगणाऱ्यांनी हे ध्यानात घ्यावे. आठ जणांचा एक घाणा एकदम बसतो आणि जवळपास एकदमच उठतो. बावर्चीने वाढण्याचा वेग वाढवला की जेवण लवकर उरकते, कमी केला की लांबते. गिऱ्हाइकाला घाई केल्यासारखे वाटत नाही आणि टेबल वेळेवर मोकळे होते.

पण आमच्या मते यात सर्वांत मोठी गोष्ट जागेची नव्हे, कारागिराची आहे. ज्याच्या हाताला चव आहे त्याला त्यांनी भिंतीआडून काढून गिऱ्हाइकापुढे उभे केले आणि त्याच्या हाताची किंमत बिलात लावली. सुशीचीही गोष्ट हीच. भातावर माशाची चकती दाबून देण्याची आजची रीत एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला एदो शहरात, म्हणजे आजच्या टोकियोत, रूढ झाली. हानाया योहेई याचे नाव तिच्याशी जोडले जाते. त्या काळी ती रस्त्यावरच्या टपरीत उभ्याउभ्या खायची चीज होती, कामकरी लोकांची. आज टोकियोच्या गिन्झा भागात एका इमारतीच्या तळघरात जिरो ओनो (जन्म १९२५) यांचे दहा खुर्च्यांचे सुशीचे दुकान आहे. फूटपाथची चीज तिथपर्यंत पोहोचली, ती उमेदवारीच्या जोरावर. चांगल्या दुकानात शागीर्द कित्येक वर्षे भात धुणे, शिजवणे, सिरका मिसळणे एवढेच करतो. माशाला हात नंतर लावायचा. ओनोंच्या दुकानात बापाच्या शेजारी उभा राहून थोरला मुलगा घडला. असे कारखाने आपल्याकडेही होते आणि आहेत. मिरजेच्या शिकलगारांनी हत्यारांचा धंदा बसल्यावर सतार-तंबोऱ्यात नाव काढले. जपानात १८७६ साली तलवार बाळगण्यावर बंदी आली, तेव्हा तिथले कितीतरी लोहार स्वयंपाकाच्या सुऱ्यांकडे वळले. सुशीवाल्याच्या हातातली ती लांब सुरी त्याच हुन्नराची आहे.

आता हलालचा प्रश्न. 'सगळे डोळ्यांसमोर होते, मग शंका कसली?' असे कोणी म्हणेल. डोळ्यांसमोर फक्त भाजणे होते. जनावर कसे जिबह झाले ते तव्यावर दिसत नाही आणि बाटलीत काय आहे तेही दिसत नाही. लंडनमधल्या अशा एका हॉटेलात आम्ही वेटरला विचारले, "हे हलाल आहे का?" त्याने हसतमुखाने उत्तर दिले, "नो पोर्क, सर." त्या बिचाऱ्याच्या समजुतीप्रमाणे हलालचा अर्थ तेवढाच. म्हणून आपण विचारताना एकेक गोष्ट वेगळी विचारावी.

मांसाचे प्रमाणपत्र तर मागावेच, पण त्याहून अधिक सॉसची चौकशी करावी. जपानी स्वयंपाकात मिरिन आणि साके या तांदळाच्या दोन दारू सर्रास वापरतात. मिरिनमध्ये सुमारे १४ टक्के अल्कोहोल असते. तेरियाकी सॉस, वामच्या माशावर फासतात तो गोड सॉस, खेकड्याच्या नावाने मिळणारी लाल-पांढरी कांडी (ती खेकड्याची नसते, माशाच्या लगद्याची असते), या सगळ्यांत मिरिन असण्याचा संभव मोठा. तव्यावरची ज्वाळा कुठे तेलाची असते, कुठे दारूची. 'आगीत सगळी दारू उडून जाते' ही समजूतही खोटी आहे. अमेरिकेच्या कृषी खात्याच्या तक्त्यानुसार दारू ओतून पेटवलेल्या पदार्थात तिच्यातले सुमारे ७५ टक्के अल्कोहोल शिल्लक राहते, आणि पंधरा मिनिटे शिजवले तरी सुमारे ४० टक्के. सोया सॉसची गोष्ट वेगळी आहे. तो आंबवताना त्यात थोडे अल्कोहोल आपोआप तयार होते. त्याच्या हुकुमाबद्दल उलेमांची मते एक नाहीत. आपल्या मौलानांना विचारून घ्यावे. हलाल प्रमाणपत्राचा सोया सॉस आणि मिरिनऐवजी वापरायचा दारूविरहित मसालाही बाजारात मिळतो. त्यामुळे हॉटेलवाल्याला 'इलाज नाही' असे म्हणता येणार नाही. सुशीच्या भातातला सिरका मात्र निर्धास्त खावा. सिरक्याला तर हदीसमध्ये उत्तम सालन म्हटले आहे. काही ठिकाणी भातात मिरिन किंवा साके टाकतात, तेवढे विचारावे.

आणखी एक गोष्ट पुष्कळांच्या ध्यानात येत नाही. तवा एकच असतो. तुम्ही फक्त कोळंबी मागवली तरी शेजारच्या अनोळखी माणसाचा स्टेक त्याच लोखंडावर, त्याच उलथण्याने भाजला जातो आणि त्याची चरबी वाहत तुमच्या भातापर्यंत येते. यावर सोपा उपाय म्हणजे अख्खे टेबल आपल्याच लोकांसाठी राखून ठेवावे, आधी फोन करून तवा धुऊन घ्यायला सांगावे आणि सॉस वेगळा मागावा. आपली कुटुंबे तशीही सात-आठ जणांची असतात. नम्रपणे आधी सांगितले तर चांगले हॉटेल ऐकते असा आमचा अनुभव आहे. ऐन वेळी हुज्जत घातली तर ऐकत नाही.

सुशीच्या बाजूला गंमत वेगळीच होते. माशाला जिबहची अट नाही आणि कच्चा मासा खायला शरियतची मनाई नाही. पण ऑक्टोपस, माकूल यांचे काय? कोकणी मुसलमान बहुतेक शाफई असल्यामुळे रत्नागिरीचा व्यापारी ते खुशाल खाईल. त्याच्या शेजारी बसलेला मालेगावचा हनफी भाऊ ते बाजूला सारील आणि कोळंबीपाशी थबकेल, कारण तिच्याबद्दल हनफी उलेमांत मतभेद आहेत. दोघांनी एकमेकांच्या ताटात डोकावू नये. आरोग्याची बाब मात्र दोघांना सारखीच. कच्च्या माशातले जंत मारण्यासाठी तो उणे २० अंशांत सात दिवस किंवा उणे ३५ अंशांत गोठवून पंधरा तास ठेवावा, असा अमेरिकेच्या अन्न व औषध खात्याचा दंडक आहे. आपल्या हवेत ज्या हॉटेलाची ही सोय खात्रीची नाही तिथे भाजलेला मासाच बरा.

आपल्यापैकी कोणाला असे हॉटेल इथे काढावेसे वाटले तर? महाराष्ट्रात गायीच्या कत्तलीवर १९७६ च्या कायद्याने आणि बैलाच्या कत्तलीवर २०१५ पासून बंदी आहे, तेव्हा जपानी गोमांसाचा विचारच सोडावा. कोंबडी, मासा, कोळंबी, बकरा आणि कायद्यात बसणारे म्हशीचे मांस एवढ्यावर तवा उत्तम चालेल. अमेरिकेत आपल्या भावांनी 'हलाल हिबाची'ची दुकाने आणि गाड्या काढल्या आहेत. त्यांनी गिऱ्हाईक काही नवे निर्माण केले नाही. जे दारात येऊन 'सॉसमध्ये काय आहे' विचारून परत जात होते, तेच त्यांनी आत घेतले.

आणि आपल्या चालू हॉटेलांचे काय? आपण दारावर 'हलाल' अशी हिरवी पाटी लावतो आणि काम झाले असे समजतो. मांस कोणाकडून येते, तेल किती वेळा तापते, हे गिऱ्हाइकाने विचारले तर गल्ल्यावरच्या मालकाला राग येतो. बावर्ची मागे धुरात उभा असतो. त्याचे नाव गिऱ्हाइकाला ठाऊक नसते आणि मालक ते सांगतही नाही, कारण शेजारचा हॉटेलवाला त्याला पळवील ही भीती. पळवील, कारण पगार कमी आहे! मग त्या बावर्चीचा मुलगा बापाचा हुन्नर सोडून मोबाइलच्या दुकानात नोकरी शोधतो, आणि दहा वर्षांनी आपणच तक्रार करतो की पूर्वीची चव राहिली नाही.

भिंत पाडून काच लावायला फार खर्च येत नाही. मेनूकार्डावर मांस पुरवणाऱ्याचे नाव छापायला तर काहीच येत नाही. दावतीचे कंत्राट घेणाऱ्या बंधूंनी येत्या लग्नसराईत एक करून पाहावे. डेगा मागे राहू द्याव्यात, पण एक मोठा तवा मंडपात आणावा, त्यावर घरातला सर्वांत चांगला हात उभा करावा, त्याला स्वच्छ पांढरा अंगरखा द्यावा आणि त्या रात्रीची त्याची मजुरी वेगळी, आधी ठरवून, हातात द्यावी.