जाळीची युक्ति

मुलानें संशोधनाच्या नादीं न लागतां चांगल्या पगाराची नोकरी धरावी, असें आमच्या सोलापुरांतील पुष्कळ सुबुद्ध पालकांस वाटतें. नोकरी वाईट, असें नव्हे. पण त्यांनीं गोविंद स्वरूप यांचें चरित्र पाहावें. स्टॅनफर्ड विद्यापीठांतील अध्यापकाची जागा सोडून हे गृहस्थ १९६३ सालीं मुंबईस टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत आले. ऑस्ट्रेलियांत तरुणपणीं ज्या लहान तबकड्यांवर त्यांनीं काम केलें, त्यांतल्याच ३२ भेटीदाखल मिळवून १९६५ सालीं कल्याणास उभारल्या व सूर्याच्या रेडिओलहरी टिपल्या.

पुढें नारायणगांवाजवळ खोडद येथें ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना उभारावयाच्या, तर अडचण वाऱ्याची आणि पैशाची! एवढा अखंड पत्रा वाऱ्यांत तोलून धरण्यास लोखंड किती लागावें? परंतु ज्या लहरींची लांबी वीतभर ते दोन मीटर, त्यांस बोटाएवढें छिद्र अडवीत नाहीं. जाळीवरूनही त्या पत्र्यावरून परताव्या तशाच परततात, आणि वारा मात्र आरपार जातो. म्हणून त्यांनीं पोलादी दोर ताणून त्यांवर बारीक तारेची जाळी बसविली. विणकरांच्या या गांवांत ताण्याचें महत्त्व कोणास सांगावें?

स्वरूप २०२० सालीं पुण्यास निवर्तले. अँटेना चालू आहेत. पुण्याकडे जाणें झाल्यास चिरंजीवांस घेऊन त्या अवश्य पाहाव्या.