शस्त्रक्रियेनंतरची झोप

तिरळेपणाची किंवा मोतीबिंदूची शस्त्रक्रिया झालेलं चार वर्षांचं पोर भुलीतून बाहेर येताना कधी कधी बेभान होतं. लाथा झाडतं, पट्टी ओढतं, जवळ बसलेल्या आईलाही ओळखत नाही. अमळनेरहून पोराला धुळ्याला किंवा जळगावला नेलेल्या आईबापाच्या पोटात तेव्हा गोळा येतो.

सेव्होफ्लुरेन हुंगवून भूल दिलेल्या लहान मुलांत हे बऱ्याचदा दिसतं आणि बहुधा थोड्या वेळात आपोआप शमतं. मग आणखी औषध कशाला? प्रश्न रास्त आहे. पण इथे टाका ताजा असतो आणि पोराचा हात डोळ्याकडेच जातो.

शस्त्रक्रियेच्या वेळी डेक्समेडेटोमिडिन हे गुंगीचं औषध दिलं, किंवा शेवटी थोडं प्रोपोफॉल हे भुलीचं औषध, तर हा आकांत कमी होतो, हे अनेक चाचण्यांत दिसलं आहे. मात्र डेक्समेडेटोमिडिन हृदयाचे ठोके मंदावतं. तिरळेपणाच्या शस्त्रक्रियेत डोळ्याचा स्नायू ओढला की ठोके तसेही एकदम उतरू शकतात. हे 1908 पासून ठाऊक आहे. शिवाय झोप लांबते. संध्याकाळची एसटी गाठायची म्हणून अर्धवट झोपेतलं पोर मांडीवर घेतलं, त्याची मान छातीवर पडली, तर गाडीच्या अंधारात श्वास अडखळलेला कुणाला कळणार?

म्हणून हे औषध सरसकट देणं मला पटत नाही, आणि नाकारणंही नाही. आधी वेदना पुरती शमवायला हवी. दुखतंय की भ्रम आहे, हे ओळखणं इथे अवघडच. त्यासाठी 2004 पासून वापरात असलेल्या मापनपद्धतीचा पहिलाच निकष आहे, मूल नजरेला नजर देतं का. पट्टी बांधलेल्या पोराला तो कसा लावणार? जाग येण्याआधीच आईला आत घ्यावं. दिसत नसताना तिची अहिराणी तरी कानावर पडेल. जे पोर आधीच फार घाबरलंय, मागच्या भुलीनंतर बेभान झालं होतं, किंवा ज्याचा डोळा उघडून शस्त्रक्रिया झाली आहे, त्याला औषध जरूर द्यावं. पण बोटाला ऑक्सिमीटर आणि शेजारी जागी परिचारिका असेल तरच.

2013 पासून राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची पथकं अंगणवाड्यांत आणि शाळांत जाऊन डोळ्यांचे दोष असलेली मुलंही हुडकतात. त्यांना शस्त्रक्रियेला पाठवताना माय-लेकरासाठी रात्रीच्या खाटेची सोयही त्याच कागदावर लिहून द्यावी.