विश्लेषण : सव्वा लाखांहून अधिक महिलांचा अभ्यास आणि एच-इंडेक्समध्ये भर फक्त एकची! कर्करोग संशोधकाचे काम मोजायचे कसे?

एखाद्या डॉक्टरची ओळख करून देताना हल्ली ‘यांचा एच-इंडेक्स इतका आहे’ असे आवर्जून सांगितले जाते. निवड समित्या, संशोधन निधी, पुरस्कार, सगळीकडे हा आकडा विचारला जातो. पण तो नेमके काय सांगतो? याचे उत्तर शोधायला तेव्हाच्या उस्मानाबाद, म्हणजे आताच्या धाराशिव जिल्ह्यात जावे लागेल.

एच-इंडेक्स म्हणजे काय?

कॅलिफोर्निया विद्यापीठातील भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज हिर्श यांनी २००५ मध्ये हे मोजमाप सुचवले. समजा, एका संशोधकाचे पाच शोधनिबंध आहेत आणि इतर संशोधकांनी त्यांचा अनुक्रमे ४०, १२, ६, ३ आणि १ वेळा संदर्भ दिला आहे. यातील चार निबंधांना प्रत्येकी किमान तीन सायटेशन मिळाली, पण किमान चार सायटेशन मिळालेले निबंध तीनच, म्हणून एच-इंडेक्स ३. आता पहिल्या निबंधाची सायटेशन ४० वरून ४ हजारांवर गेली तरी इंडेक्स ३ च राहतो. गोम इथेच आहे.

उस्मानाबादमध्ये काय झाले?

डॉ. रंगास्वामी शंकरनारायणन हे फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्थेत दीर्घकाळ होते. त्याआधी ते तिरुवनंतपुरमला काम करत. त्यांच्या नावावर शेकडो शोधनिबंध आहेत. त्यातला एक २ एप्रिल २००९ रोजी ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाला. मुंबईचे टाटा मेमोरियल आणि बार्शीचे नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल त्यात सहभागी होते.

प्रश्न साधा होता. गर्भाशयमुखाच्या कर्करोगासाठी गावातल्या बाईची एकदाच तपासणी होणार असेल, तर ती कोणती करावी? ३० ते ५९ वयाच्या १ लाख ३१ हजार ७४६ महिला यात होत्या. गावांचे ५२ समूह करून त्यांची चार गटांत विभागणी झाली. एका गटाची एचपीव्ही विषाणूची चाचणी, दुसऱ्याची पॅप स्मिअर, तिसऱ्याची ॲसिटिक ॲसिड लावून नुसत्या डोळ्यांनी केलेली तपासणी (व्हीआयए) आणि चौथ्याला नेहमीचीच आरोग्यसेवा.

आठ वर्षांच्या पाठपुराव्यानंतर चौथ्या गटातील ३१,४८८ महिलांपैकी ६४ जणी या कर्करोगाने दगावल्या होत्या. एचपीव्ही चाचणीच्या गटात ३४,१२६ महिलांमध्ये हे मृत्यू ३४ होते. म्हणजे जवळपास निम्मे. पॅप आणि व्हीआयएच्या गटांत मृत्यूंमध्ये लक्षणीय घट दिसली नाही. गंमत म्हणजे, तमिळनाडूतील दिंडिगुल जिल्ह्यात व्हीआयएमुळे मृत्यू ३५ टक्क्यांनी घटल्याचा २००७ मधला निबंधही शंकरनारायणन यांचाच. दोन्ही निकाल त्यांनी जसे आले तसे छापले. हा प्रामाणिकपणा कोणत्याच इंडेक्समध्ये धरला जात नाही.

उस्मानाबादच्या निबंधाला हजाराहून अधिक सायटेशन मिळाली आहेत. तरीही एच-इंडेक्समध्ये त्याची भर जास्तीत जास्त एकची. निबंधावर नाव असलेल्या डझनाहून अधिक संशोधकांनाही हिशेब तोच. ज्यांनी गावोगावी घरे पालथी घालून महिलांना तपासणीसाठी तयार केले, त्यांची तर या हिशेबात नोंदच नाही.

मग खरा परिणाम कुठे दिसतो?

जागतिक आरोग्य संघटनेने २०२१ मध्ये तपासणीसाठी एचपीव्ही डीएनए चाचणीला पहिली पसंती दिली. त्यामागच्या पुराव्यांत उस्मानाबादचा वाटा मोठा आहे. लसीचेही तसेच. दोन डोस पुरतात की तीन लागतात, हे पाहण्यासाठी शंकरनारायणन आणि सहकाऱ्यांनी २००९ मध्ये भारतात सुरू केलेली चाचणी २०१० मध्ये सरकारी आदेशाने थांबली आणि सुमारे पाच हजार मुलींचा एकच डोस झाला. संशोधकांनी त्यांचा पाठपुरावा सोडला नाही. एका डोसनेही भक्कम संरक्षण मिळते, असे त्यातून दिसले आणि २०२२ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने एका डोसचा पर्याय मान्य केला.

आक्षेप कोणता?

तपासणीने जीव वाचतात हे इतर देशांत दिसले असताना चौथ्या गटाला तपासणीविना का ठेवले, असा सवाल या प्रकारच्या भारतीय अभ्यासांबद्दल वैद्यकीय नीतिमत्तेच्या अभ्यासकांनी केला. त्या भागात नियमित तपासणीची सोयच नव्हती, त्यामुळे कोणाचे काही काढून घेतले नाही, ही संशोधकांची बाजू. युक्तिवाद चुकीचा नाही, पण पुरेसाही वाटत नाही. त्या ६४ जणींचे मृत्यू हाही या निबंधाचा भाग आहे आणि सायटेशन मोजताना तो दिसत नाही.

भारतात आज काय स्थिती?

२०२२ च्या जागतिक अंदाजानुसार देशात वर्षभरात या कर्करोगाचे सुमारे १ लाख २७ हजार नवे रुग्ण आढळले आणि जवळपास ८० हजार महिलांचा मृत्यू झाला. सरकारी कार्यक्रमाच्या २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये व्हीआयए तपासणीच आहे. तीही किती जणींपर्यंत पोहोचते? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात ३० ते ४९ वयाच्या महिलांपैकी गर्भाशयमुखाच्या कर्करोगाची तपासणी कधीतरी झालेल्या महिलांचे प्रमाण होते १.९ टक्के.