विश्लेषण : अमेरिकेत बंदूक खरेदीची तपासणी नेमके काय तपासते?

अमेरिकेत परवानाधारक दुकानातून बंदूक घ्यायची तर आधी ‘फॉर्म ४४७३’ भरावा लागतो. नाव, जन्मतारीख, पत्ता आणि त्यानंतर ‘हो-नाही’ प्रश्नांची लांबलचक रांग. दुकानदार ही माहिती तपासणी यंत्रणेला कळवतो आणि बहुतेक वेळा काही मिनिटांतच उत्तर येते. तरीही हा अर्ज भरताना अनेक सरळमार्गी माणसांचा हात थबकतो. तरुणपणी मारामारीत झालेली अटक आडवी येईल का? नैराश्यावर औषधे घेतली होती, ते लिहायचे का? जाणूनबुजून खोटे उत्तर देणे हाच गंभीर गुन्हा असल्याने ही धास्ती अनाठायी म्हणता येत नाही. मात्र ज्यांना अडवण्यासाठी हा सारा खटाटोप उभा राहिला, ते अनेकदा यातून सहज निसटले आहेत. दोष प्रश्नांपेक्षा नोंदींमध्ये अधिक आहे.

तपासणी कशी चालते?

राष्ट्राध्यक्ष रोनाल्ड रेगन यांच्यावर १९८१ मध्ये झालेल्या गोळीबारात त्यांचे प्रसिद्धी सचिव जेम्स ब्रेडी गंभीर जखमी झाले. त्यांच्या नावाचा कायदा १९९३ मध्ये झाला आणि ३० नोव्हेंबर १९९८ पासून एफबीआयची ‘निक्स’ ही तपासणी यंत्रणा सुरू झाली. काही राज्ये हे काम स्वतः करतात.

भारतात शस्त्र परवाना मागणाऱ्याला शस्त्र का हवे, हे सांगावे लागते. अमेरिकेच्या संघराज्य कायद्यात चित्र उलटे आहे. का देऊ नये, याचे कारण सरकारकडे असावे लागते. ते कारण नोंदींत शोधायचे, एवढेच ‘निक्स’चे काम. उत्तर तीनपैकी एक असते : विक्री करा, थांबा किंवा नाकारा.

भीती कशाची, अडचण कशाची?

केवळ अटक झाली म्हणून कुणी अपात्र ठरत नाही. दोषी ठरला का, किंवा गंभीर गुन्ह्याचे आरोपपत्र प्रलंबित आहे का, हे महत्त्वाचे. गोम पुढे आहे. प्रत्यक्षात किती शिक्षा झाली हे कायदा पाहत नाही. त्या गुन्ह्याला किती शिक्षा होऊ शकली असती, हे पाहतो. एक वर्षापेक्षा जास्त तुरुंगवासाची तरतूद असलेल्या गुन्ह्यात न्यायाधीशांनी एक दिवसही तुरुंगात न पाठवता सोडून दिले असले, तरी माणूस सहसा अपात्रच राहतो. राज्याने ‘किरकोळ’ ठरवलेल्या आणि कमाल दोन वर्षे शिक्षेच्या गुन्ह्यांना यातून सूट आहे. पण कौटुंबिक हिंसाचाराचा गुन्हा किरकोळ ठरला तरी १९९६ पासून बंदी लागू होते.

मानसिक आरोग्याबाबतचा गैरसमज अधिक नुकसानकारक आहे. समुपदेशन, औषधे किंवा स्वतःहून रुग्णालयात दाखल होणे यामुळे संघराज्य कायद्याखाली बंदी येत नाही. न्यायालयाने किंवा तशा अधिकृत यंत्रणेने सक्तीने दाखल केले असेल, तर येते. बंदूक मिळणार नाही या भीतीने कुणी उपचार टाळत असेल, तर कायद्याचा हेतूच उलटा होतो.

गांजाचा प्रश्न तर विनोदी वळणावर पोहोचला आहे. अनेक राज्यांत तो दुकानात राजरोस मिळतो. अर्जावर मात्र राज्याने परवानगी दिली असली तरी संघराज्याच्या दृष्टीने सेवन बेकायदाच, असा स्पष्ट इशारा छापलेला असतो. अमली पदार्थांच्या याच प्रश्नाला २०१८ मध्ये दिलेल्या खोट्या उत्तरावरून हंटर बायडेन जून २०२४ मध्ये दोषी ठरले. डिसेंबरमध्ये राष्ट्राध्यक्ष असलेल्या वडिलांनी त्यांना माफी दिली. ती सोय इतरांना नसते.

तिथल्या मराठी कुटुंबांसाठीही यात एक महत्त्वाची रेषा आहे. ग्रीन कार्डधारक बंदूक घेऊ शकतो. एच-१बीसारख्या तात्पुरत्या व्हिसावर गेलेल्यांना मात्र मनाई आहे. वैध शिकार परवान्यासारखे मोजके अपवाद वगळता.

यंत्रणा कुठे चुकली?

व्हर्जिनिया टेकमध्ये एप्रिल २००७ मध्ये ३२ जणांचा बळी गेला. त्यात मुंबईहून शिकायला गेलेली एक विद्यार्थिनीही होती. हल्लेखोराला न्यायालयाने आधी उपचारांचा आदेश दिला होता. तो आदेश ‘निक्स’पर्यंत पोहोचलाच नव्हता.

चार्ल्सटनच्या चर्चमध्ये २०१५ मध्ये नऊ जणांना मारणाऱ्याच्या अर्जावर ‘थांबा’ असे उत्तर आले होते. त्याची अमली पदार्थांच्या प्रकरणातील नोंद चुकीच्या पोलीस विभागाच्या नावावर असल्याने तपासनिसाला कागद सापडेना. तीन कामाचे दिवस उत्तर आले नाही, तर दुकानदार विक्री करू शकतो. तसेच झाले.

टेक्सासमधील सदरलँड स्प्रिंग्सचे उदाहरण सर्वांत बोचरे. तिथल्या चर्चवर २०१७ मध्ये हल्ला करणाऱ्या माजी हवाई दल कर्मचाऱ्याला पत्नी व मुलाला मारहाण केल्याबद्दल लष्करी न्यायालयाने शिक्षा दिली होती. हवाई दलाने ती एफबीआयला कळवलीच नाही. न्यायालयाने सरकारला ६० टक्के जबाबदार धरले आणि २०२३ मध्ये पीडितांसाठी १४ कोटी ४५ लाख डॉलरची तडजोड झाली.

प्रत्येक हत्याकांडानंतर अर्जात आणखी एक प्रश्न घालण्याची मागणी होते. तुलनेने कंटाळवाणे काम, म्हणजे न्यायालयातील कारकुनाने निकाल वेळेत कळवणे, मागे पडते. त्यासाठी २०१८ मध्ये स्वतंत्र कायदा करावा लागला, यातच सारे आले. शिवाय खासगी व्यक्तीकडून होणाऱ्या विक्रीला संघराज्य कायद्याने तपासणीच लागत नाही. तिथे अर्ज नाही, प्रश्न नाहीत.

शंका असल्यास काय करावे?

दुकानात जाण्याआधी संबंधित न्यायालयातून निकालाची प्रत काढावी. गुन्हा कोणत्या कलमाखाली होता आणि कमाल शिक्षा किती होती, हे वकिलाकडून तपासून घ्यावे. ‘खटला मिटला होता’ ही आठवण पुरेशी नसते. अर्ज नाकारला गेला, तर कारण विचारण्याचा आणि अपील करण्याचा हक्क आहे. नाव व जन्मतारीख जुळल्यामुळे दुसऱ्याच्या गुन्ह्यापायी वारंवार अडकणाऱ्यांना ‘निक्स’कडून स्वतंत्र ओळख क्रमांक मिळू शकतो, पुढच्या खरेदीवेळी तो अर्जावर लिहायचा असतो.